मोरजीच्या मादीच्या पाठीवर कॅमेरा: एका अर्जाचं प्रकरण

समुद्री कासवांवर काम करू पाहणाऱ्या, गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यातल्या एका मुलीनं गेल्या हंगामाआधी एक अर्ज तयार केला. मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासव-मादीच्या पाठीवर छोटा कॅमेरा बसवायचा. तो आठ-दहा तास चित्रण करेल, मग आपोआप सुटून पाण्यावर येईल. तो शोधून आणायचा आणि मादी पाण्यात काय करते ते पाहायचं. वनखात्याकडे देण्याआधी तिनं हा अर्ज गावातल्या आम्हा काही जणांपुढे ठेवला. मोरजीच्या टेंबवाडा किनाऱ्यावर वर्षानुवर्षं कासवांची घरटी राखलेले दोघे, होडीवरून निवृत्त झालेले एक तांडेल (होडीचे प्रमुख) काका आणि उच्च माध्यमिकाला जीवशास्त्र शिकवणारा मी, एवढेच आम्ही.

अर्ज आला तसा पुढे गेला नाही. तो कुठे आणि का बदलला, हे सविस्तर लिहून ठेवतो आहे. असे कॅमेरे आता पूर्वीइतके महाग आणि अवजड राहिलेले नाहीत. गोव्यात किंवा सिंधुदुर्गात असा पुढचा अर्ज कुणीतरी लवकरच लिहील आणि त्याला याच अडचणी येतील.

आम्हाला काय ठाऊक होतं

टेंबवाड्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, शापोरा नदीच्या मुखाला लागून आहे. एके काळी इथली अंडी उकरून नेली जायची, खाल्ली आणि विकली जायची. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गावातल्याच लोकांनी वनखात्याला सोबत घेऊन राखण सुरू केली. आज मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांवर खात्याची देखरेख असते. थंडीच्या सुरुवातीला माद्या येऊ लागतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि साधारण ५० दिवसांनी पिल्लं वर येतात. हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे.

पण हे सगळं वाळूवरचं. मादी पुळणीवर जेमतेम तासभर असते. बाकीचं सारं आयुष्य पाण्यात जातं, आणि मोरजीच्या मादीच्या त्या आयुष्याबद्दल आमच्या हातात जवळजवळ काहीच नाही.

शेजारी कोकणात थोडा उजेड पडला आहे. महाराष्ट्राच्या मॅनग्रोव्ह फाउंडेशननं भारतीय वन्यजीव संस्थेच्या साथीनं २०२२ मध्ये पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, मग वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरहून बागेश्री आणि गुहा गेल्या. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली तेव्हा इथेही लोक रोज तिची बातमी विचारत होते. पण उपग्रहाला कासव दिसतं ते फक्त श्वास घ्यायला वर आल्यावर. नकाशावर ठिपका पडतो. दोन ठिपक्यांच्या मध्ये ती तळाशी झोपली होती, खेकडे फोडत होती की जाळ्याच्या तोंडातून निसटत होती, हे ठिपका सांगत नाही.

कॅमेऱ्याचं आकर्षण इथूनच. १९८६ साली ग्रेग मार्शल यांनी बेलीझच्या समुद्रात शार्कला चिकटून जाणारा रेमोरा मासा पाहिला आणि त्या माशाच्या जागी कॅमेरा असता तर, असा विचार त्यांच्या मनात आला. नॅशनल जिओग्राफिकचा क्रिटरकॅम त्यातून घडला. सुरुवातीच्या प्रयोगांत कासवंच होती. पुढे ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये हिरव्या कासवांवर असे कॅमेरे बसवले गेले. तोवर पाण्याची खोली दाखवणाऱ्या आलेखावर कासव खाली जाऊन बराच वेळ एकाच पातळीवर राहिलं की ते तिथे विश्रांती घेतंय किंवा खातंय, असं धरून चालत. चित्रणात काही कासवं तळाशी खडकाला आणि स्पंजांना अंग घासून पाठ साफ करताना दिसली. आलेख तोच होता, पण त्याचा अर्थ वेगळा निघाला. या साधनाचं खरं बळ मला इथे दिसतं.

प्रश्न बदलला

मूळ अर्जात उद्देश असा होता: ‘अंडी घातल्यानंतरच्या काळातील मादीच्या वर्तनाचा अभ्यास.’ तांडेल काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाय, बघितल्यावर काय करणार? ती पोहते हे आम्हाला ठाऊक आहे.”

प्रश्न खोचक नव्हता. मोरजीहून सुटलेली कासवं मरतात कुठे, हे काकांना चांगलं माहीत आहे. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारी मेलेली किंवा अर्धमेली कासवं त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत, फाटक्या जाळ्याच्या गुंडाळ्यात पाय अडकलेली तर कितीतरी. त्यांच्या दृष्टीनं कासवाबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच होता. मीही त्यांच्या बाजूनं बोललो.

मग बोलणं जाळ्यांवर आलं. गोव्याच्या १९८० च्या सागरी मासेमारी कायद्याखाली किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखलेला आहे. ट्रॉलरनी त्याच्या बाहेर राहायचं. ट्रॉल जाळं तळावरून दोन-दोन, तीन-तीन तास ओढलं जातं. एरवी शांत पडून असलेलं कासव बराच वेळ श्वास रोखू शकतं; पण जाळ्यात धडपड सुरू झाली की साठवलेला प्राणवायू झपाट्यानं संपतो, रक्तात आम्ल साचतं आणि ते बुडून मरतं. यावर उपाय म्हणून जाळ्यात कासवाला बाहेर पडायला वाट देणारी चौकट असते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या पाण्यासाठी तशी चौकट तयारही केली आहे. ती सगळीकडे वापरात नाही, हेच कारण देऊन अमेरिकेनं २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. निर्यातीचं नुकसान झालं तेव्हा कुठे या चौकटीची मोठी चर्चा झाली, याचं मला वाईट वाटतं.

पण काकांनी लगेच पुढचं वाक्य जोडलं. “फक्त ट्रॉलरच म्हणू नका. आमच्या जाळ्यातसुद्धा येतात.” ५ किलोमीटरच्या आतही लहान होड्यांची गळजाळी असतात, पाण्यात पडद्यासारखी रात्रभर उभी. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

त्यामुळे प्रश्न असा लिहिला गेला: दोन घरट्यांमधल्या काळात मोरजीची मादी त्या ५ किलोमीटरच्या आत राहते की बाहेर, तळाशी किती वेळ असते, वर किती वेळ, आणि तळाशी असताना काय करत असते? शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. ती तिथे खात असेल तर रोज त्याच जागी परत येईल. विश्रांतीला जात असेल तर जागा बदलेल. त्या जागेपुरती आणि त्या महिन्यांपुरती जाळी आवरा, असं कुणाला सांगायचं झालं तर हा फरक ठाऊक हवा. सगळा समुद्र बंद करा म्हणणाऱ्याचं इथे कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर लेदरबॅक जातीच्या कासव-माद्यांवर अंडी घालण्याच्या दिवसांत कॅमेरे बसवले गेले होते. नर जवळ आले की मादी पोहणं थांबवून तळाशी जाते, असं त्या चित्रणात दिसलं. म्हणजे तळाशी जाण्याचं तिसरंही कारण असू शकतं. हे ऐकून राखणदारांपैकी एकजण म्हणाले, “मग नुसत्या खोलीच्या यंत्रानं भागणार नाही.” तोवर ते कॅमेऱ्याच्या बाजूचे नव्हते.

पाणी

इथे अर्ज जवळजवळ बारगळला. इंटरनेटवर दिसणारी कासवाच्या पाठीवरची चित्रणं ऑस्ट्रेलियाची, कॅरिबियन समुद्राची, लक्षद्वीपसारख्या स्वच्छ पाण्याची असतात. मोरजीचं पाणी तसं नाही. नदी गाळ आणते, लाटा तो उचलतात, ट्रॉलर गेला की तळ ढवळून निघतो. पावसाळ्यानंतर पाणी निवळतं, डिसेंबर-जानेवारीत बरं असतं, पण तरी हिरवट गढूळच. अशा पाण्यात पुढे बघणाऱ्या कॅमेऱ्यात कासवाचं डोकं आणि त्यापुढे हिरवा पडदा एवढंच येण्याची भीती होती.

काकांनी सुचवलं की आधी नुसती पांढरी थाळी दोरीला बांधून सोडा आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते बघा. त्यांनी सांगितलेली पद्धत इटलीच्या अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये शास्त्रात आणली आणि जगभरचे समुद्रशास्त्रज्ञ आजही ती वापरतात. होडीवरच्या माणसाला ती कुणी शिकवायला लागली नव्हती. ठरलं असं की किनाऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरावर, सकाळ-दुपार, भांगाला (लहान भरतीच्या दिवशी) आणि उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवशी) थाळी सोडून नोंदी ठेवायच्या. पाणी ज्या पट्ट्यात आणि ज्या वेळी बऱ्यापैकी स्वच्छ असेल तेवढ्याच वेळी कॅमेरा चालू राहील, बाकी वेळ बंद.

बंद कॅमेऱ्याचा काळही वाया जाऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्याच डबीत खोली, तापमान आणि हालचाल मोजणारे संवेदक असावेत, ही सूचना तिची स्वतःची. स्वच्छ पाण्यातल्या थोड्या चित्रणावरून हालचालीच्या नोंदींना नावं द्यायची: ही खाण्याची, ही झोपेची, ही श्वासासाठी वर येण्याची. मग गढूळ पाण्यातल्या आणि रात्रीच्या नोंदी त्यावरून वाचायच्या. मार्टिनिक बेटाजवळ हिरव्या कासवांवर हे काम झालं आहे. तिथे चित्रणाच्या आधारानं संगणकाला वर्तन ओळखायला शिकवलं गेलं. मला वाटतं, गोव्याच्या पाण्यात कॅमेऱ्याचा योग्य उपयोग हाच आहे. थोडंसं पाहून बरंचसं समजून घेता येतं.

पाठीवरचं ओझं

ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासवांमधल्या सर्वांत लहान जातींपैकी एक. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ ६० ते ७० सेंटीमीटर, वजन साधारण ३५ ते ४५ किलो. उपकरण प्राण्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवावं, या प्रचलित नियमानं १ किलोपर्यंत चालेल असं अर्जात लिहिलं होतं. कागदावर ते बरोबर होतं.

पण पाण्यात वजनापेक्षा आकार अधिक नडतो. वाऱ्यात उघडी छत्री घेऊन चालणाऱ्याला छत्रीच्या वजनाचा त्रास होत नसतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कासवांच्या साच्यांवर उपकरणं चिकटवून त्यांना वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं होतं. मोठ्या कासवांत बहुतेक उपकरणांमुळे पाण्याचा विरोध ५ टक्क्यांहून कमी वाढला. लहान कासवांत तो दुपटीपेक्षा जास्त झाला. रिडले कुठे बसते, हे गृहीत धरणं बरं नव्हे. म्हणून डबीची उंची कमी, पुढचा भाग निमुळता, आणि आधी फायबरच्या कवचावर चाचणी, असं लिहिलं गेलं. जागेचाही विचार झाला. नर मिलनाच्या वेळी मादीची पाठ धरतो आणि त्यात डबी उखडू शकते, किंवा तिला इजा होऊ शकते.

चिकटवायचं कशानं? इपॉक्सी ही चिकटवण पक्की धरते, पण सुकायला वेळ लागतो आणि तोवर मादीला अडवून ठेवावं लागतं. चोषक कप लगेच बसतात, पण रिडलेच्या पाठीवर शेवाळ आणि बार्नेकल (चिकटून राहणारे कवचधारी जीव) असतात, तिथे पकड राहत नाही. राखणदारांनी यावर एक अट घातली: मादी खड्डा खणत असताना आणि अंडी घालत असताना तिच्याजवळ कुणी जायचं नाही, अंडी झाकून ती परत फिरली की मगच. ती अट अर्जात शब्दशः आली. पाठीची छोटी जागा साफ करून लवकर सुकणाऱ्या चिकटवणीनं फक्त पातळ तळपट्टी बसवायची आणि डबी त्या पट्टीला सुटणाऱ्या दुव्यानं अडकवायची, असा मार्ग निघाला.

पहिले तास

मूळ अर्जात कॅमेरा बसवताच चालू होणार होता. पण मादी येते रात्री. पहिले कित्येक तास काळोखाचे. दिवा लावायचा तर प्रकाशाला जीव गोळा होतात आणि कासवाचं वागणंच बदलतं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. शार्क बेमधल्याच पुढच्या एका अभ्यासात दिसलं की पकडून सोडलेली कासवं सुरुवातीच्या काळात नेहमीपेक्षा वेगळी वागतात. थोड्या तासांचं चित्रण असेल तर हा भाग वगळला नाही की निष्कर्ष बिघडतात. म्हणजे आठ तासांच्या चित्रणातले पहिले तास आपण तिला दिलेल्या त्रासाचे असतील.

उपाय सरळ दिसतो: कॅमेरा दुसऱ्या दिवशी सकाळी चालू होऊ द्या. पण कासव दिवसाला वीस-तीस किलोमीटर सहज जातं. जितकं थांबू तितकं ती दूर जाणार आणि कॅमेरा परत मिळण्याची शक्यता घटणार. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. शेवटी हंगामाच्या सुरुवातीच्या माद्या निवडायचं ठरलं. एकेकट्या येणाऱ्या रिडले माद्या एका हंगामात एकाहून जास्त वेळा अंडी घालू शकतात, मधे काही आठवड्यांचं अंतर असतं. पुन्हा यायचं असलेली मादी किनाऱ्यापासून फार लांब जाण्याची शक्यता कमी. मार्चमधली मादी मात्र बहुधा घरी निघालेली. बाहेरून बघून याची खात्री होत नाही, पण शक्यता तरी आपल्या बाजूनं वळते.

परत कसा मिळणार

उपग्रह ट्रान्समीटर गेला तरी माहिती आलेली असते. कॅमेरा हरवला तर सगळंच गेलं, कारण पाण्याखालून चित्रण पाठवता येत नाही. अर्जात या भागाला दोन ओळी होत्या: दुवा विरघळेल, डबी तरंगेल, रेडिओ संदेशावरून होडीनं शोधू.

विरघळणारा धातूचा दुवा किती तासांत सुटेल ते पाण्याच्या तापमानावर आणि खारेपणावर ठरतं. थंड समुद्रासाठी दिलेली वेळ आपल्या उबदार पाण्यात कमी भरते. ते इथल्याच पाण्यात तपासावं लागेल, आणि दुवा पहाटे सुटेल असं जमवावं लागेल, म्हणजे शोधायला अख्खा दिवस मिळतो.

आणि डबी जाणार कुठे? काका म्हणाले, “नारळ सोडून बघा.”

थंडीत आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे असतो, हे पुस्तकात आहे. काकांना ते जाळ्यांवरून ठाऊक. पण सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे, दुपारनंतरचा वायव्येकडून किनाऱ्याकडे. पाण्यावर अर्धवट वर राहणारी वस्तू प्रवाह आणि वारा या दोघांच्या ओढाताणीत जाते. ती हरमलला लागेल, केरीला लागेल, की तेरेखोलच्या पलीकडे रेडी-शिरोड्याला, हे नुसत्या हिशोबानं सांगता येणार नाही. म्हणून खुणा केलेले नारळ होडीतून सोडायचे, आणि त्यासोबत डबीइतक्याच वजनाचे आणि तितकेच वर राहणारे लाकडी ठोकळे. कुणाला कुठे मिळाले ते कळवायला सांगायचं.

यातून अर्जात दोन मोठ्या गोष्टी शिरल्या. एक, शोधणारे मुख्यतः मच्छीमार असणार. होडी भाड्यानं घेऊन फिरण्यापेक्षा मोरजीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या होड्यांना आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीवाल्यांना आधी सांगून ठेवणं जास्त कामाचं. डबीवर देवनागरीत मराठी-कोंकणी मजकूर हवा: ही वस्तू कासवाच्या अभ्यासाची आहे, धोकादायक नाही, या क्रमांकावर कळवा, परत देणाऱ्याला बक्षीस. किनाऱ्यावर काम करणाऱ्या जीवरक्षकांनाही तेच सांगायचं, कारण पुळणीवर लागलेली वस्तू बहुतेकदा त्यांनाच आधी दिसते.

दुसरी गोष्ट परवानगीची. सगळी समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. संशोधनासाठी हात लावायचा तर कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी, आणि अनुसूची १ साठी त्याआधी केंद्राची. हे अर्जात होतं. मादी आणि डबी दोन्ही महाराष्ट्राच्या पाण्यात जाऊ शकतात, याचा उल्लेख नव्हता. आता सिंधुदुर्गच्या वनविभागालाही आधीच कळवायचं ठरलं आहे.

सध्याची स्थिती

सुधारलेल्या अर्जात पहिल्या हंगामात एकाही कासवाला हात लावायचा नाही. थाळी, नारळ, ठोकळे, फायबरचं कवच आणि दुव्याच्या चाचण्या, एवढंच. मुलगी सुरुवातीला नाराज झाली. तिची पदवीची मुदत चालू आहे आणि नारळांवर प्रबंध होत नाही, असं तिचं म्हणणं होतं. ते मला पटतं, आणि तरीही हा क्रम मला योग्य वाटतो. अनुसूची १ मधल्या, अंडी घालून दमलेल्या प्राण्याच्या पाठीवर काही बसवायचं तर ते परत मिळणार आणि त्यातून काहीतरी वाचता येणार, याची खात्री आधी आपण करून घ्यायला हवी. तिनं मग पहिल्या वर्षाचा भाग स्वतंत्र प्रकरण म्हणून मांडायचं ठरवलं: मोरजी ते वेंगुर्ला पट्ट्यात थंडीत तरंगत्या वस्तू कुठे जातात. अडकलेली जाळी कुठून कुठे वाहत येतात, हे समजायलाही ते उपयोगी पडेल, आणि तशा जाळ्यांत कासवं मरतात.

दुसऱ्या टप्प्यात हंगामाच्या सुरुवातीच्या मोजक्या माद्या, वनखात्याचा माणूस आणि राखणदार हजर असतानाच. एखादी मादी बिथरली, तिच्या अंगावर जखम किंवा जाळ्याच्या खुणा दिसल्या, तर तिला तशीच जाऊ द्यायचं. हा निर्णय राखणदार घेतील, संशोधक घेणार नाही. हे कलम तिनं स्वतः घातलं.

अर्ज वनखात्याकडे गेला आहे. दरम्यान काकांनी हरमल, केरी आणि रेडीच्या ओळखीच्या तांडेलांचे क्रमांक एका वहीत उतरवून तिच्या हाती दिले आहेत.